त्या साली चटणी दोनदा कांडली

शिमगा झाला की आमच्या गावात शिंका सुरू होतात. कुणाच्या ना कुणाच्या परसात कढईत मिरच्या पडलेल्या असतात. तो तिखट धुराचा खाट उठला की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टरवालासुद्धा तोंडाला रुमाल लावून शिव्या घालत पुढं जातो. वर्षाची चटणी करायचे हे दिवस. कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला आणि मिरची, सगळं तळून-भाजून डंकावर कांडून आणायचं आणि बरण्या भरून ठेवायच्या. पुढच्या शिमग्यापर्यंत आमटी असो, वांगं असो, मटण असो, सगळ्यात तीच पडते. यंदाही शिंका सुरू झाल्यात. सगळ्यांना या वासानं शिंक येते, मला राग येतो. गेली नऊ वर्षं न चुकता येतो.

मी उंब्रजची. सव्वीस वर्षांपूर्वी तासगावजवळच्या या गावात दिली. घरची द्राक्षबाग, बागेच्या कडेला बेदाण्याची शेड. नवरा फौजेत. वर्षातनं दोन महिने सुट्टीवर यायचा, त्यातले पंधरा दिवस पाव्हण्यारावळ्यांत जायचे. त्यामुळं लग्न झालं यांच्याशी, पण संसार केला तो अक्काशी. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती म्हसवडकडची, कोरड्या मुलखातली. उंच, सावळी, बोलणं कमी. मी पाण्याच्या गावची, बडबडी, हाताला घाई. दोघींचं जमायचं काही कारण नव्हतं, पण जमलं. लोक म्हणायचे, या जावा न्हाईत, बहिणी हायत. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दुपारी चारच्या सुमाराला भांडी घासून झाली की अक्का उंबऱ्यात बसायची, पाय पसरायची आणि विचारायची, "संगे, राच्च्याला कोरड्यास काय करायचं गं?" भाकरी ठरलेलीच असते, तिचा प्रश्न कुणी विचारत नाही. भाकरीबरोबर काय, हा प्रश्न. साध्या दिवसांत आम्ही घरची सहा माणसं: दादा म्हणजे थोरले दीर, अक्का, त्यांची दोन पोरं, मी आणि माझी लेक. सहाजणांची सहा तोंडं. दादांना वांगं आवडत नाही. त्यांच्या धाकट्याला डाळीत कढीपत्ता दिसला तर तो ताट सारतो. माझ्या लेकीला रोज पातळ लागतं. अक्काला हुलगे द्या, ती जगाला विसरेल. आणि मला भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. या सगळ्यांतून वाट काढून रोज एक कोरड्यास ठरवायचं, हे काम बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. मी सांगते, ते क्षुल्लक नाही. सकाळचा स्वयंपाक हात करतात, रात्रीचा डोकं करतं. आणि ते डोकं दोघींचं असलं की ओझं वाटत नाही.

अक्का काही सुचवायची, मी मोडायचे. मी सुचवायचे, ती मोडायची. मटकी भिजवलेली आहे का? मोड यायला उद्या उजाडेल. पिठलं करूया? परवाच झालं. चाकवत आलाय का बाजारात? आलाय, पण ताक कुठंय? असं अर्धा तास चालायचं आणि शेवटी अक्का उठून शेंगा भाजायला घ्यायची. म्हणजे आज डाळकांदा आणि शेंगदाण्याचं कूट. ती न बोलता ठरवायची. मला त्या अर्ध्या तासाची वाट असायची. नवऱ्याचा फोन आठवड्यातनं दोनदा यायचा. अक्काचा प्रश्न रोज यायचा.

हंगामात सगळंच वाढायचं. फेब्रुवारीपासनं द्राक्षं उतरली की शेड सुरू. बेदाणा करायला म्हसवडकडनं दहा माणसं यायची. शेडजवळच राहायची. सकाळी चटणी-भाकरी ती आपली आपण करून खात, पण रात्रीचं जेवण आमच्या घरचं. हा सासऱ्यांपासनं चालत आलेला रिवाज. दिवसभर उन्हात द्राक्षं औषधी पाण्यात बुडवून जाळीवर पसरायची, हाताची कातडी निघते, मग रात्री कुणी तरी ताट वाढून द्यावं एवढी माणसाची अपेक्षा असतेच. सहा आणि दहा, सोळा माणसं. परसातली मोठी चूल पेटायची. मी भाकऱ्या थापायचे, अक्का तव्यावर भाजायची, चाळीस-पन्नास भाकऱ्यांची चळत बुट्टीत उभी राहायची. अंगाला द्राक्षांचा गोड-आंबूस वास, केसांना धुराचा. अक्का तिच्या मुलखातल्या माणसांसाठी आठवड्यातनं एकदा हुलग्याची शेंगोळी करायची. त्या दिवशी शेडवरची माणसं जेवताना बोलत नसत, नुसती भुरके मारत. एक म्हातारा होता, तो ताट चाटूनपुसून झालं की म्हणायचा, घरी आल्यागत वाटलं. अक्का पदर तोंडाला लावून आत जायची.

त्या सालचा हंगाम मी जीव ओतून केला. खोटं बोलत नाही. दादांची तब्येत नरम होती, अक्काच्या थोरल्याची बारावी होती, म्हटलं आपण खांदा द्यायचा. सोळा माणसांचं काय करायचं हे त्या साली बरेचदा मीच ठरवलं, कारण अक्काचं लक्ष नसायचं. ती विचारायची आणि उत्तर ऐकायची नाही. एकदा मी गंमत म्हणून सांगितलं, आज दगडांची आमटी करूया. ती म्हणाली, कर. मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. एका संध्याकाळी मोठं पातेलं चढवल्यावर तिनं मला छोटं पातेलं काढून दिलं. म्हणाली, दोन माणसांची आमटी करून दाखव बघू. मला कळेना. मी या घरात आल्यापासनं दोन माणसांचं कधी काही केलंच नव्हतं. माझ्या हाताला सहाचं माप, हंगामात सोळाचं. मी केली. मीठ जास्त झालं, डाळ कमी पडली, नुसतं तांबडं पाणी. ती चाखून म्हणाली, उद्या परत कर. तीन-चार दिवस तिनं माझ्याकडनं ते खेळणं करून घेतलं. मला वाटलं, दादांना पथ्याचं वेगळं द्यायचं असेल. मी विचारलं नाही. विश्वास असला की माणूस प्रश्न विचारत नाही, आणि म्हणूनच तो आयता सापडतो.

पाडव्याच्या आधी चटणीचं ठरलं. दहा किलो कांदा आम्ही दोघींनी मिळून चिरला. अक्काच्या डोळ्यांतनं पाणी थांबेना. मी म्हटलं, अक्का, एवढा काही कांदा तिखट नाही. ती उठून तोंड धुऊन आली आणि परत चिरायला बसली. दुसऱ्या दिवशी सगळं तळून-भाजून डबे भरले. तिसऱ्या दिवशी डंकावर न्यायचं होतं. अक्का म्हणाली, तू जा, मला शेडवर काम हाय. मी आमच्या शेजारच्या रिक्षात डबे घातले आणि गेले.

डंकवाल्या बाईंना मी लग्न होऊन आल्यापासनं ओळखत होते. नाकाला फडकं, डोळे कायम लाल. त्यांनी माझे डबे बघितले आणि सहज बोलल्या, "तुमच्या जावंनं आठ दिवसांमागं स्वतःची नेली की. तुमी आज आलासा व्हय?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पाव्हण्यांची असेल. अक्काच्या माहेरची. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. मग त्यांना काय ते उमगलं आणि त्या घाईघाईनं डंकाचं बटण दाबायला वळल्या. लोखंडी मुसळं वर-खाली व्हायला लागली, आणि त्या आवाजात मी उभी राहिले.

परगावच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं घर वेगळं होतंय हे आधी चटणीवरनं कळतं. कागद होतात, वाटण्या होतात, भिंत येते, ते सगळं मागाहून. एका चुलीची चटणी एकच. ती वर्षभराची, म्हणजे वर्षभर एकत्र राहायचं ठरलेलं. आणि एका घरातली बाई गुपचूप स्वतःची चटणी कांडून नेते, म्हणजे तिनं पुढच्या वर्षाचा हिशोब मला सोडून केलेला आहे. डंकवाल्या बाईला कळलं, रिक्षावाल्याला कळलं असेल, आणि मी मात्र सोळा माणसांच्या भाकऱ्या थापत होते.

घरी आले. अक्का परसात होती. मी डबे खाली ठेवले आणि विचारलं, अक्का, वेगळं निघायचं ठरलंय काय? तिनं मान खाली घातली. म्हणाली, "व्हय." एवढंच. का, कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला का सांगितलं नाही, मी काय केलं, मी सगळं विचारलं. ओरडून विचारलं. तिनं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मी त्या गप्प बसण्याला गुन्हा कबूल करणं समजले. कोण समजणार नाही?

हंगाम संपला, माणसं म्हसवडला गेली आणि मे महिन्यात हे सुट्टीवर आले. दादांनी मध्ये भिंत घातली. घराचे दोन भाग झाले, गॅसच्या दोन शेगड्या झाल्या, बागेचेही दोन भाग पडले. मी रात्रंदिवस रडत होते. हे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, जाऊ दे, माणसं बदलतात. अक्काचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मी घेतलं तेव्हा नाही म्हणालेही नाहीत. मला तेवढा हात पुरेसा होता. वाटलं, निदान हा माणूस तरी आपला आहे.

त्यानंतरची नऊ वर्षं मी अक्काशी गरजेपुरतं बोलले. पोरांची लग्नं, बारशी, सणवार, तेवढं. पण भिंत असली तरी वास अडत नाही. पाचला तिकडं लसूण ठेचल्याचा आवाज आला की मला कळायचं, आज भरीत. शेंगोळीचा वास आला की कळायचं, कुणी तरी माहेरचं आलंय. आणि मी, एवढा राग असून, तिकडं पिठलं असलं की इकडं पिठलं करायचे नाही. का ते सांगता येणार नाही. लेक लग्न होऊन सांगलीला गेली, हे तीन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, आणि दोन माणसांची आमटी माझ्या हाताला बसली. पण चार वाजले की अजूनही उंबऱ्याकडं लक्ष जातं. यांना विचारलं, रात्री काय करू, तर म्हणतात, काय बी कर. काय बी कर हे उत्तर नव्हे. ते ऐकलं की हातातलं लाटणं फेकावंसं वाटतं.

यंदा परवा मी आणि हे परसात मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. हे निवृत्त झाल्यापासनं असली कामं आवडीनं करतात. मी बोलता बोलता म्हणाले, त्या साली अक्कानं आठ दिवस आधी गुपचूप पाच किलो कांडून आणली, मला मूर्खात काढलं. दरवर्षी या दिवसांत मी हे एकदा तरी म्हणतेच. दरवर्षी हे गप्प असतात. यंदा कोण जाणे, वय झालं म्हणून असेल, की नऊ वर्षांत ती गोष्ट त्यांच्या लेखी शिळी झाली म्हणून असेल, मिरचीचं देठ मोडता मोडता, मान वरसुद्धा न करता बोलले.

"तिनं कशाला? मीच फोनवर सांगितलं हुतं दादाला. दोन चटण्या करा म्हनलं. रिटायर झाल्यावर आपलं आपल्याला असावं."

मी हातातली मिरची खाली टाकली. विचारलं, आणि मला?

"हंगाम हुता की. तुला सांगितलं असतं तर तोंड पाडून बसली असतीस. मानसांचं जेवान कुनी केलं असतं?"

हे त्यांनी चिडून सांगितलं नाही, ओशाळूनही नाही. पाऊस किती झाला सांगावं तसं सांगितलं. आणि पुढची मिरची घेतली.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगते, कारण नंतर मी ते हजारदा उलगडून बघितलंय. वाटणी झाली याचं मला दुःख नव्हतं. वाटण्या होतात, भावाभावांत कधी ना कधी होणारच. दुःख याचं की मी ज्या स्वयंपाकाला माझी माया समजत होते, तो यांच्या हिशोबात मजुरी होता. बाई रडत बसली तर चूल थंड राहील, म्हणून तिला दोन महिने अंधारात ठेवा. शेंगोळी करताना, भाकऱ्या थापताना, कांदा चिरताना घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं, आणि सगळे माझ्या हातचं जेवत होते, वर म्हणत होते, आज आमटी झकास झालीया. आणि नऊ वर्षं ज्या बाईला मी शिव्याशाप दिले, ती शेजारी भिंतीपलीकडं होती. ज्यानं केलं तो माझ्यासमोर ताटावर बसत होता. आधी सुट्टीपुरता, गेली तीन वर्षं रोज, दोन्ही वेळा. मी त्याला गरम भाकरी वाढत होते.

हात तिखटाचे होते तसेच घेऊन मी उठले आणि पलीकडं गेले. नऊ वर्षांत काम नसताना मी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लसूण सोलत होती. थकलीय आता, गुडघे धरलेत. मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, बस. आणि उभ्यानंच सांगितलं, यांनी सांगितलं मला. सगळं.

तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली. मी विचारलं, नऊ वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास, एकदा तरी म्हणायचं होतंस की हे माझं काम नव्हे.

"म्हनले असते," अक्का म्हणाली, "आन मग? माझ्यावर रागावून तुझं घर चाललं. त्येच्यावर रागावली असतीस, तर तू ऱ्हायची हुतीस कुठं?"

तेव्हा मला ते छोटं पातेलं आठवलं. मला वेगळं काढणार हे माहीत असल्यानं तिनं माझा हात दोन माणसांच्या मापाला बसवून घेतला होता. माझं कसं होईल याची काळजी तिला होती. पण तिनंही सांगितलं नाही. तिनं मायेनं सांगितलं नाही आणि यांनी सोयीनं सांगितलं नाही, मला त्यात फार फरक करता येईना. सोळा माणसांनी काय खायचं हे जी बाई रोज ठरवत होती, तिनं काय ऐकायचं, काय नाही, हे बाकीच्यांनी बसून ठरवलं. मी अक्काला तसं तोंडावर म्हणाले. ती रडली. मी रडले नाही. तिच्याजवळ बसावं असं पार आतनं वाटत होतं आणि गुडघे वाकत नव्हते.

परत आले तेव्हा दिवस कलला होता. मिरच्यांची देठं काढून झाली होती आणि हे हात धुऊन ओट्यावर बसले होते. माझ्याकडं बघितलं. कुठं गेली होतीस, काय बोललात, काही विचारलं नाही. म्हणाले, भूक लागली, आज जरा लवकर कर.

मी म्हटलं, "आज चूल पेटायची न्हाई. दादांकडं जावा जेवायला. तुमचं सगळं तिकडंच ठरतंय."

मला वाटलं, हे आता काही बोलतील. चिडतील तरी. का म्हणून विचारतील. आगं ऐक तरी, एवढं म्हणाले असते तरी मी कणीक भिजवली असती, सव्वीस वर्षांची सवय काय एका संध्याकाळीत जाते होय! ते उठले. मग पायात चपला घातल्या, फाटक उघडलं आणि गेले. पलीकडनं पाट सरकवल्याचा आणि ताट मांडल्याचा आवाज आला. मी दारात उभी होते. एवढ्या पटकन जातील असं मला वाटलं नव्हतं.